शाळेचा पट कमी-जास्त झाला की सरकारी पैसा कसा सांभाळायचा

आमच्या वाघोलीच्या बाजूला बिल्डिंगा वाढल्या तशी झेडपीच्या शाळेत वर्गात बसायला जागा नाही, आणि तिकडे राजगड-मुळशीच्या वाड्यांवर पट (शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या) वीसच्या वर ठेवायची मारामार. पुणे जिल्हा एकच, पण दोन्हीकडचे पालक एकच गोष्ट विचारतात, की शाळेला पैसे आणि शिक्षक नक्की कशावर मिळतात. मी तीन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत आहे, त्यात जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की "पट" म्हणून एकच आकडा नसतो. शिक्षकांची पदं संचमान्यतेवर (दरवर्षी पटावरून सरकार शाळेची पदं मंजूर करतं त्यावर) ठरतात आणि तिथे 30 सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार जुळलेल्या मुलांचा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या वर्षाच्या खर्चाला मिळणारे पैसे) युडायस या शाळांच्या ऑनलाईन पोर्टलमधल्या नोंदीवर येतं. पोषण आहाराचा तांदूळ आणि खर्च रोज किती मुलं जेवली त्यावर, पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. म्हणजे वर्गात 104 मुलं बसलेली असली तरी तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे असू शकतात, आणि शाळेचं नुकसान नेमकं तिथेच होतं.

आमच्याकडे हेच झालं. मुलं होती 104, पण सात मुलं दुसऱ्या शाळेतून आलेली आणि त्या शाळेने युडायसमधून त्यांना सोडलंच नव्हतं, त्यामुळे आमच्या नावावर 97 दिसत होती. आता संयुक्त अनुदानाचे टप्पे बघा: 30 मुलांपर्यंत 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, 251 ते 1000 ला 75 हजार आणि त्याच्या वर 1 लाख. सात मुलांच्या नोंदीपायी आम्ही 50 हजारांच्या टप्प्यातून 25 हजारांच्या टप्प्यात आलो. खडू, लाईट बिल, किरकोळ दुरुस्ती, संडास-बाथरूमची स्वच्छता सगळं याच पैशातून होतं, किमान 10 टक्के तर स्वच्छतेवरच खर्च करायचे असतात. त्या वर्षी मुलींच्या बाथरूमचा दरवाजा आम्ही वर्गणी काढून बसवला, आणि ते मला अजून खटकतं, कारण तो मुलींच्या हक्काचा पैसा होता.

म्हणून काम जूनपासूनच धरा, सप्टेंबरची वाट बघू नका. मुख्याध्यापकांबरोबर एक दिवस बसा, समोर जनरल रजिस्टर (प्रवेशाची मूळ नोंदवही), हजेरी आणि युडायसची प्रिंट ठेवा आणि एकेक नाव मोठ्याने वाचून टिक करत जा. कंटाळवाणं आहे पण दोन-अडीच तासात होतं. जी नावं रजिस्टरला आहेत आणि ऑनलाईन नाहीत त्यांची वेगळी यादी करा. जुनी शाळा दाखला देत नसेल किंवा ऑनलाईन सोडत नसेल तर फोनवर विनवण्या करत बसू नका, पत्र द्या. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये सरळ लिहिलंय की दाखला लगेच द्यायचा, उशीर केला तर मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते आणि दाखला नाही म्हणून नव्या शाळेनेही प्रवेश अडवायचा नाही.

आधारचं दुखणं त्याहून मोठं. बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या मुलांची नावं आधारवर एक आणि शाळेत एक, स्पेलिंग वेगळं, जन्मतारीख 1 जानेवारी टाकलेली, आणि बाप सकाळी सातला साईटवर जातो तो रात्रीच येतो, मग दुरुस्तीला जाणार कोण? आम्ही काय केलं, तर आधार केंद्राची वेळ घेऊन सुट्टीच्या दिवशी आयांना आणि मुलांना रिक्षाने एकत्र नेलं, पहिल्याच फेरीत बरीच नावं दुरुस्त झाली. ज्यांचं आधारच नाही अशा मुलांची यादी हजेरीच्या झेरॉक्ससह गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि प्रत्यक्ष येऊन मुलं बघा अशी लेखी मागणी करा. आणि एक कळकळीने सांगतो, कागद नाही म्हणून मूल परत पाठवू नका. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे आरटीईचं कलम 14 आहे.

शिक्षकांचं गणित थोडं किचकट आहे. आरटीईच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 200 ला 5 आणि 150 च्या वर मुख्याध्यापक वेगळा. पण राज्याने 15 मार्च 2024 ला संचमान्यतेचे निकष बदललेत, तेव्हा नुसत्या कायद्याच्या तक्त्यावर हिशोब करू नका, तो शासन निर्णय केंद्रप्रमुखांकडून मागून घ्या आणि आपला आकडा कुठल्या ओळीत बसतो ते बघा. शिक्षक अतिरिक्त ठरला की त्याचं समायोजन दुसरीकडे होतं, आणि गेलेलं पद परत मिळवणं फार जड जातं.

पट खरंच घसरत असेल तर गप्प बसणं सगळ्यात वाईट. वीसच्या खालच्या शाळा एकत्र करून त्यांची एक समूह शाळा करायचा विषय 2023 पासून चालू आहे. शाळा हलवायची चर्चा निघाली तर समितीची सभा लावा, ठराव घ्या, त्यात वाडीपासून नव्या शाळेचं अंतर, मधला ओढा, पावसाळ्यात रस्ता बंद पडतो का, एसटी आहे का, सगळं लिहा. पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि आठवीपर्यंत 3 किलोमीटरच्या आत शाळा हा नियम आहे, तो ठरावात आलाच पाहिजे. सहा वर्षांची पोर जुलैत डोंगर उतरून चार किलोमीटर चालणार नाही, ती घरीच बसेल.

पट वाढत असेल तर उलटं काम. शाळा विकास आराखडा हा कागद लोक शोभेचा समजतात, पण आरटीईच्या कलम 22 प्रमाणे अनुदानाचा आधार तोच आहे. त्यात "खोल्या कमी पडतात" असं मोघम लिहू नका. कुठल्या वर्गात किती मुलं, किती चौरस फूट, कोण व्हरांड्यात बसतं, पुढच्या जूनला किती येतील, असं लिहा. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, तेव्हा सही करण्याआधी वाचून दाखवा म्हणावं. आणि तुमचं गाव पुणे महापालिकेत आलं असेल (2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं आली) तर शाळा सध्या झेडपीकडे आहे की मनपाच्या शिक्षण विभागाकडे ते आधी लेखी विचारा, नाहीतर अर्ज दोन ऑफिसांच्या मधे फिरत राहतो.

खाजगी अनुदानित शाळेतही पदं संचमान्यतेनेच ठरतात, पगार शालार्थ या सरकारी पगार प्रणालीतून होतो, त्यामुळे नावांची पडताळणी तिथेही हीच.

प्रत्येक पत्राची पोच घ्या, आवक नंबर आणि तारखेसह, फाईल शाळेत एक आणि अध्यक्षांच्या घरी एक. 30 सप्टेंबरला संध्याकाळी पोर्टलवरच्या आकड्याची प्रिंट काढा, त्यावर मुख्याध्यापक आणि अध्यक्ष दोघांची सही घ्या आणि फाईलला लावा. पुढे संचमान्यता आली की याच प्रिंटशी ताडून बघायची, फरक दिसला तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्यायचा.