कागद-पुठ्ठ्याची निर्यात: दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी

एम.कॉम.चा प्रकल्प असो की जळगावच्या एमआयडीसीत कोरुगेशन (पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या) युनिटमधली एक्स्पोर्टची नोकरी, कधीतरी दोन देशांच्या आकड्यांचं हे टेबल करायची वेळ येते. तीन शब्द आधी: एचएस कोड म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, एफओबी म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत, सीआयएफ म्हणजे त्यात भाडं-विमा धरून किंमत.

तुलना वजनावर करा, किमतीवर नको. निर्यात एफओबीने लिहितात, आयात बहुतेक देश सीआयएफने. भाडं-विम्याने किंमत फुगते, किलो फुगत नाहीत. कॉमट्रेडमध्ये (संयुक्त राष्ट्रांचा व्यापाराच्या आकड्यांचा साठा) भारताचा देश-कोड 699 आहे, 356 नाही. अमेरिकेचा 842. चुकीचा टाकला की रकाने रिकामे येतात आणि शिव्या साईटला बसतात. आपल्या वाणिज्य मंत्रालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च, बऱ्याच देशांचं जानेवारी ते डिसेंबर. महिन्यांची बेरीज करूनच जुळवा. एचएस कोडचे पहिले 6 अंकच सगळीकडे सारखे, आपले पुढचे 2 सोडून द्या.

आता खरा खड्डा. भारताने यूएईला पाठवलेला क्राफ्ट पेपर (पॅकिंगचा मजबूत कागद) आणि यूएईने भारताकडून घेतलेला क्राफ्ट पेपर हा आकडा एकच असेल असं वाटतं. नसतो. पाठवणारा देश लिहितो, माल शेवटी कुठे जाणार, तेही त्याला माहीत असेल तेवढंच. घेणारा साधारणपणे लिहितो, माल बनला कुठे. समजा 1000 टन दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरले आणि त्यातले 400 टन पुढे केनियाला गेले. भारताच्या वहीत यूएई 1000, केनिया शून्य. केनियाच्या वहीत भारत 400. यूएईच्या वहीत 1000 की 600, हे फ्री झोनमधला (बंदराजवळच्या करमुक्त क्षेत्रातला) माल आयातीत धरला की नाही यावर. आणि ते 400 यूएईच्या निर्यातीत पुनर्निर्यात (बाहेरून आलेला माल तसाच पुढे पाठवणं) म्हणून बसले, तर सगळ्या देशांची बेरीज करताना तोच कागद दोनदा मोजला जातो. सिंगापूर, नेदरलँड्स, बेल्जियम यांच्याशीही हेच. म्हणून पुनर्निर्यात वेगळी काढा, दर जोडीला दोन्ही बाजूंचे आकडे मांडा, मग फरकाचा टक्का.

फरक आला म्हणून घाबरू नका, तो येणारच. शून्य आला तर मात्र तपासा, बहुधा एकच फाइल दोनदा उतरवलेली असते. सिनियरचं प्रोजेक्ट उतरवणाऱ्यांचं हेच होतं. ‘रेडिमेड चार्ट चिकटव, कोण बघतंय’ म्हणणाऱ्या गाईडचंही ऐकू नका. तोंडी परीक्षेला ते तुमच्या बाजूने बोलत नाहीत.

कॉमट्रेडमध्ये वजन अंदाजाने भरलंय का, हे सांगणारा रकाना असतो. तो बघाच. शिवाय प्रत्येक ओळीत किंमत भागिले किलो काढा. एखादी ओळ शेजारच्या ओळींपेक्षा हजारपट निघाली, तर किलोच्या जागी टन पडलेत.

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आकड्यांशी एचएसमधलं कागद-पुठ्ठ्याचं प्रकरण 48 सरळ जोडू नका. एफएओच्या ‘पेपर अँड पेपरबोर्ड’मध्ये मुख्यतः रोल आणि शीट येतात, 4819 चे बॉक्स, 4820 च्या वह्या त्यांच्याकडे दुसऱ्या गटात. रद्दी तर 48 मध्ये नाहीच, ती 4707.

राहिला आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न: सावदा-रावेरहून आखातात जाणाऱ्या केळीच्या बॉक्सचा पुठ्ठा कुठे दिसतो? कुठेच नाही. मालासोबत गेलेलं पॅकिंग मालाच्याच कोडमध्ये जातं, म्हणजे केळीच्या 0803 मध्ये, आणि निव्वळ वजनात तर तेही धरत नाहीत. 4819 मध्ये फक्त रिकामे विकलेले बॉक्स सापडतील.