नवी मुंबईत नव्याने आलात? दिवाळीच्या पाहुण्यांसाठी बोर्ड असा मांडा

लातूर, नांदेड, सोलापूरकडून नोकरीसाठी ऐरोली-घणसोलीला आलेली मुलं-मुली दिवाळीच्या तोंडावर हमखास एक गोष्ट विचारतात. ऑफिसातले सहा-आठ जण घरी यायचे आहेत, मजल्यावरचे शेजारीही डोकावणार आहेत, आणि मोबाईलवर पाहिलेला तो शार्कुटरी बोर्ड, म्हणजे एका फळीवर मांडलेलं चीज, फळं, मांसाचे काप, करायचा आहे. जमेल का?

जमेल, आणि जरूर करा. वन बीएचकेत पंगत बसवता येत नाही. बोर्ड मधे ठेवला की माणसं उभ्या उभ्या, गप्पा मारत, हवं ते उचलून खातात, आणि नव्या ओळखी त्यातच होतात. फक्त फोटोतलं सामान जसंच्या तसं गोळा करायच्या मागे लागू नका.

प्रकार मूळचा फ्रान्सचा. मीठ लावून मुरवलेलं, धुरी दिलेलं मांस, म्हणजे हॅम, सलामी, सॉसेज, त्याचे पातळ काप. सोबतीला चीज, लोणचं, ब्रेड, फळं, सुकामेवा. फोटोत द्राक्षांचे घोस आणि चिरलेली अंजिरं दिसतात, कारण तिकडच्या शरदात तोच हंगाम असतो. आपल्याकडे ऑक्टोबरात नाशिक-सांगलीच्या बागांमध्ये द्राक्षाची छाटणी चाललेली असते आणि माल येतो जानेवारीपासून पुढे. म्हणून दिवाळीत द्राक्षावर पैसे घालू नका, तासगावचा बेदाणा घ्या. ताज्या अंजिराचाही या दिवसांत भरवसा नाही, सुकं घ्या. काश्मीर-हिमाचलची सफरचंदं आणि पेअर मात्र याच सुमारास छान असतात. पेरू आणि डाळिंब घ्याच. सीताफळाचा मोह होईल, पण बोर्डवर ते बिया आणि चिकट हातांचं काम होतं. गर काढून छोट्या वाट्यांत गार करून शेवटी द्या.

खरेदीला तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात जा, सानपाडा स्टेशनवरून रिक्षा मिळते. काजू, बदाम, बेदाणे मसाला मार्केटमध्ये. फळ मार्केटमध्ये सकाळी लवकर जायचं. तिथे माल पेटीच्या हिशेबाने विकला जातो, त्यामुळे शेजारच्या दोन घरांना आधीच विचारून ठेवा आणि एक पेटी वाटून घ्या. विचारायला गेलात की ओळखही होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. क्रॅकरच्या जागी तुमच्या गावचं काहीतरी असू द्या. मी सोलापूरची, माझ्या बोर्डवर कडक भाकरी असते. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी अगदी पातळ थापून भाजायची आणि मग पार कोरडी, कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. हाताने मोडली की कडाकड तुकडे पडतात. अशा एका तुकड्यावर गौडा चीजची पातळ चकती, वर चिमूटभर शेंगाचटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आणि कडेला लिंबाच्या गोड लोणच्याची एक फोड. खारट, स्निग्ध, आंबट, गोड, कुरकुरीत हे सगळं एका घासात यायला हवं, बोर्डाचं गणित तेवढंच आहे. आमच्या मजल्यावरच्या मल्याळी आंटी आता येताना केळ्याचे वेफर्स घेऊनच येतात आणि तेही बोर्डवरच जातात.

तुम्ही कोकणातले असाल तर आंबापोळी आणि फणसपोळी लांब पट्ट्या कापून ठेवा, चीजबरोबर आंबापोळी फारच सुरेख लागते. वसईकडचं कुणी ओळखीचं असेल तर सुकेळी मागवा. राजेळी केळी उन्हात सुकवून करतात ती, आणि तिची गोडी अंजिराच्या तोडीस तोड असते. नागपूरकडच्यांनी संत्री आणावीत, आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आसपास यायला लागतो. कडक भाकरी आणि चटण्या घरून येणार नसतील तर दिवाळीआधी भरणाऱ्या बचत गटांच्या प्रदर्शनांत बघा.

चीज माणशी ४०-५० ग्रॅम पुरतं, कारण मागून फराळ आहेच. एक जरा घट्ट, एक मऊ, एवढे दोनच प्रकार घ्या. पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र बघूनच घ्या. इटलीचं अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) घालून करतात, ते शाकाहारी पाहुण्यापुढे ठेवता येत नाही.

मांसाचं काय? आधी प्रत्येकाला मोकळेपणाने विचारा, "तुमच्याकडे काय चालतं?" दिवाळी चातुर्मासात येते, त्यामुळे कुणी कांदा-लसूणही खात नसेल, कुणी जैन असेल. माझं मत स्पष्ट आहे: मुख्य बोर्ड पूर्ण शाकाहारी ठेवा आणि खाणारे असतील तर मांसाची ताटली वेगळी, तिची सुरीही वेगळी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. शाकाहारी माणसाला प्रत्येक घासाआधी चौकशी करावी लागणं हे चांगल्या यजमानाला शोभत नाही. सोपं म्हणजे पाकिटातली चिकन सलामी. कुणी गोव्याहून चोरिस (तिकडचे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) आणले असतील तर ते कच्चे मांडू नका, ते शिजवूनच खायचे असतात. कांद्याबरोबर परतून गरम वाटीत द्या.

बोर्ड विकत आणायची गरज नाही. मोठं पोळपाट स्वच्छ धुऊन, कोरडं करून घ्या, नाहीतर परातीवर केळीचं पान अंथरा. आधी चटणी, लोणचं, मधाच्या वाट्या ठेवायच्या, मग चीज, मग फळं आणि उरलेल्या फटींत सुकामेवा. सफरचंद चिरल्यावर लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढा म्हणजे काळं पडत नाही.

मराठवाडा-सोलापूरच्या कोरड्या हवेतून आलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. इथे खाडीचा दमट वारा आहे. चकली, शंकरपाळे, कडक भाकरी उघड्यावर राहिली की बघता बघता सादळतात. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पाहुणे दारात आल्यावरच काढा आणि थोडी थोडी भरत राहा. चीज अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढलं की पुरे. मांस, मऊ चीज आणि चिरलेली फळं २ तासांपेक्षा जास्त बाहेर नकोत, आणि ऑक्टोबर हीटमध्ये पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच आवरा.

पाहुणे यायच्या आधी एक ताटली खाली वॉचमनकाकांना आणि एक कामाला येणाऱ्या मावशींना काढून ठेवा. नंतर उरलेली भाकरी लगेच डब्यात, घट्ट चीज बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये, सफरचंद-डाळिंब दुसऱ्या दिवशीच्या कोशिंबिरीत. बाहेर राहून गेलेली सलामी मात्र टाकून द्या.