मॉडेल इंजिनांच्या डिटेलची तुलना करताय? आधी या चुका टाळा

कुठल्या कंपनीचं डिटेल भारी हा प्रश्न मॉडेल रेल्वेवाल्यांत रोज कोणीतरी विचारतंच, आणि उत्तरंही लगेच येतात, मार्कलिन म्हणजे मार्कलिन, नाही हो रोको बघा, पिकोने तर आता सगळ्यांना मागे टाकलंय वगैरे वगैरे. पण बऱ्याचदा तिथे दोन कंपन्यांची तुलना होतच नसते, दोन वेगळ्या खऱ्या इंजिनांची होत असते. म्हणून आपल्यासमोरचं मॉडेल नक्की कुठल्या इंजिनाचं, कुठल्या काळातलं आणि कुठल्या स्केलचं ते आधी बघा, अर्धे वाद तिथेच संपतात.

सगळ्यात जास्त घोळ जर्मनीच्या १०३ वर होतो. टीईई (ट्रान्स युरोप एक्स्प्रेस) आणि इंटरसिटी गाड्या ओढणारं ते लाल-बेज रंगाचं, गोल नाकाचं इलेक्ट्रिक इंजिन, मार्कलिन, रोको, फ्लाइशमन, पिको सगळ्यांनीच एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, काढलंय. मग कोणीतरी दोन कंपन्यांची १०३ शेजारी ठेवतो, एक भरतं २२४ मिमी आणि दुसरं २३२, आणि लगेच निकाल, की दुसऱ्याचं स्केल चुकलं! चुकलेलं काहीच नसतं हो. खऱ्या १०३ चीच दोन मापं आहेत. आधीची इंजिनं बफर ते बफर १९.५ मीटर, आणि २१६ नंबरपासून पुढची शेवटची ३० इंजिनं २०.२ मीटर, कारण ड्रायव्हरची केबिन अरुंद पडत होती म्हणून त्यांत ती लांब केली. ७० सेंटीमीटरला ८७ ने भागा, बरोबर ८ मिमी येतात. तेव्हा आधी बॉडीवरचा नंबर वाचायचा आणि मग मोजायचं. मोजायला साधं १५० मिमीचं कॅलिपर पुरत नाही, स्टीलची पट्टी घ्या आणि बफरच्या टोकापासून टोकापर्यंत धरा, कपलर (डबे जोडायचा हुक) धरू नका, कारण तो प्रत्येक कंपनीचा वेगवेगळा पुढे येतो.

काळाचंही तसंच. १०३ ला सुरुवातीला समोर खाली एप्रन म्हणजे पत्र्याचं आवरण होतं, बफरवर कव्हर होती, छतावर तारेतून वीज घेणारे कात्रीसारखे पँटोग्राफ होते. पुढे मेंटेनन्सला सोपं जावं म्हणून एप्रन आणि कव्हर बऱ्याच इंजिनांवरून काढून टाकली आणि पँटोग्राफ एकहाती आले. म्हणजे एका मॉडेलला एप्रन नाही म्हणून ते "डिटेल कमी" असं म्हणणं चूक आहे, ते नंतरच्या काळातलं असू शकतं. ब्रिटनच्या फ्लाइंग स्कॉट्समन या वाफेच्या इंजिनाचं तर विचारूच नका. १९२३ ला बाहेर पडलं तेव्हाचं, डबल चिमणी बसवलेलं, १९६१ मध्ये धूर वर ढकलणारे पत्रे लागलेलं आणि १९६३ नंतर परत सिंगल चिमणी करून हिरवं रंगवलेलं, ही सगळी एकाच इंजिनाची रूपं आणि चारही बरोबर.

अजून एक गोष्ट फार कमी लोक बघतात, ती म्हणजे मॉडेलच्या खोक्यातली छोटी पिशवी. ब्रेकचे होज, पायऱ्या, पूर्ण एप्रन असे बारीक पार्ट बऱ्याच कंपन्या सुटे देतात, कारण ते बसवले की कपलरला हलायला जागा राहत नाही आणि ३६० मिमी रेडियसच्या वळणावर गाडी रुळावरून उतरते. मग एकाचं पार्ट बसवलेलं मॉडेल आणि दुसऱ्याचं खोक्यातून तसंच काढलेलं, असे फोटो शेजारी लावून निकाल देणं हे त्या दुसऱ्या कंपनीवर अन्यायच आहे. दोन्हीकडे पार्ट लावा नाहीतर दोन्हीकडचे काढा.

स्केलची गंमत क्लास ६६ डिझेलवर बघा. हे खरं इंजिन ब्रिटनमध्येही धावतं आणि युरोपातही, लांबी साधारण २१.३५ मीटर. बाखमनचं ब्रिटिश मॉडेल ओओ म्हणजे १:७६ चं, ते २८० मिमीच्या आसपास जातं, मार्कलिनचं एचओ म्हणजे १:८७ चं, ते २४५ च्या आसपास. ओओ आणि एचओ दोन्हीचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी, म्हणून लोकांना वाटतं स्केलही एकच. एन या त्याहून छोट्या मापातही तेच, गेज सगळीकडे ९ मिमी पण ब्रिटिश १:१४८, जपानी १:१५० आणि युरोप-अमेरिका १:१६०, त्यात जपानी शिंकान्सेन परत १:१६०. काटो या एकाच जपानी कंपनीची दोन इंजिनं शेजारी ठेवली तरी स्केल वेगळं निघू शकतं.

आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचं मॉडेल चालवणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओमध्ये त्याचे १९.२६ मिमी होतात, आणि आपण चालवतो १६.५ वर. त्यामुळे बॉडी एकदम बरोबर असली तरी चाकं आत सरकलेली दिसणारच, आणि तो दोष मॉडेल बनवणाऱ्याच्या माथी मारू नका.

"इंजिन फारच मोठं वाटतंय" अशी तक्रार असेल तर आधी मागचा डबा मोजा. २६.४ मीटरचा जर्मन डबा एचओमध्ये ३०३ मिमी हवा, पण छोट्या वळणांसाठी मार्कलिनचे बरेच डबे २८२ मिमीचे असतात. म्हणजे इंजिन पूर्ण स्केलचं आणि डबा आखूड.

ब्रँडचं नाव बघून डिटेल ठरवणं तर सोडूनच द्या. ब्रिटनच्या हॉर्नबीने २००४ मध्ये इटलीच्या लिमा कंपनीची टूलिंग, म्हणजे मॉडेलचे साचे, घेतली, आणि त्यांच्या स्वस्त रेलरोड रेंजमधलं क्लास ६६ त्याच जुन्या लिमाच्या मोल्डचं आहे. ते बाखमनशी लावून "हॉर्नबी मागे पडली" म्हणण्यात काही अर्थ नाही, तुलना करायची तर टूलिंगच्या पिढीची करा.

मग खरा फरक कुठे बघायचा? हँडरेलमध्ये बघा. खरा दांडा समजा ३० मिमी जाड, तर एचओमध्ये तो ०.३४ मिमी हवा, तारेचा असला तर जमतो, प्लास्टिकचा असला की जाड दिसतोच. चाकांची रुळाच्या आत उतरणारी कड (फ्लँज) किती उंच ते बघा, युरोपियन नॉर्मप्रमाणे १.२ मिमीपर्यंत चालते, अमेरिकन आरपी-२५ नॉर्ममध्ये साधारण ०.६, खऱ्या मापाने तर ०.३५ सुद्धा होत नाही. जाळ्या कोरलेल्या पातळ पत्र्याच्या आहेत की नुसत्या छापलेल्या ते बघा. आणि माझ्या मते सगळ्यात आधी चेहरा, म्हणजे काचांचा उतार आणि नाकाचा गोलवा. तो चुकला की शंभर सुटे पार्ट लावूनही इंजिन ओळखीचं वाटत नाही.

हे मोबाईलच्या फोटोवरून मात्र ठरवू नका, जवळून काढलं की नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. थोडं लांब जाऊन झूम करून काढा, दोन्ही मॉडेल एकाच फ्रेममध्ये, एकाच लाईटखाली, नाहीतर एकाचा बेज पिवळट आणि दुसऱ्याचा पांढरट दिसून रंगावरून नवा वाद सुरू होतो.

आणि खरोखरचं चुकलेलं माप असतंच, नाही असं नाही. अमेरिकेच्या अ‍ॅथर्न कंपनीच्या जुन्या ब्लू बॉक्स रेंजमधल्या जीपी डिझेल इंजिनांचं हूड (वरचं लांब आवरण) मोटर मावावी म्हणून रुंद ठेवलेलं होतं, ते नंबर बघा, काळ बघा, काही केलं तरी रुंदच राहतं.