परदेशी विक्रेता सदोष वस्तूचे पैसे परत देत नसेल तर: माझा अनुभव

परदेशी विक्रेत्याकडून नवीन म्हणून कार्डाने घेतलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आतल्या काचेवर बुरशीची जाळी निघाली, आणि ‘स्वखर्चाने परत पाठवा, नाहीतर थोडी रक्कम घ्या’ एवढेच उत्तर मिळत राहिले. विनंतीचे ईमेल वाया गेले आणि मनस्ताप तेवढा वाढला.

अखेर उपयोगी पडलेला क्रम असा: प्रथम जाहिरातीतील वर्णन, पावती, पार्सलवरचे लेबल आणि उजेडासमोर धरलेल्या काचेची छायाचित्रे एकत्र केली. मग मुदत देऊन पूर्ण परतावा लेखी मागितला, कारण विक्रेत्याचा नकारही लेखी हाती असणे फार महत्त्वाचे आहे. त्यानंतर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली चार्जबॅकचा (कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याचा) अर्ज हे सर्व पुरावे जोडून केला आणि पैसे खात्यात परत आले. या अर्जाची मुदत मर्यादित असते, म्हणून विक्रेत्याच्या आश्वासनांवर विसंबून थांबू नये.

भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांनाही २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.