क्रॉसओव्हरवरून जनुकांचा नकाशा: एम.एस्सी.ला येणाऱ्या पोरापोरींसाठी

यवतमाळ-वाशीमकडच्या कृषी महाविद्यालयांतून अकोल्याला पीकेव्हीत (पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात) जेनेटिक्स घ्यायला येणारे बहुतेक जण लिंकेजच्या, म्हणजे एकाच गुणसूत्रावरची जनुकं सहसा जोडीने पुढच्या पिढीत जातात त्याच्या, धड्याला बिचकतात. मेंडेलचं दोन जनुकांचं 9:3:3:1 प्रमाण तोंडपाठ असतं आणि इथे आकडे त्यात बसतच नाहीत. पण ते बसत नाहीत म्हणूनच नकाशा काढता येतो.

1911 साली कोलंबिया विद्यापीठात फळमाशीवर काम करणाऱ्या थॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी होता. एका रात्रीत, कॉलेजचा अभ्यास बाजूला सारून, त्याने फळमाशीच्या एक्स गुणसूत्रावरची जनुकं एका रेषेत मांडली. 1913 मध्ये ते काम छापून आलं. कल्पना साधी: दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितका त्यांच्या मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल, होण्याचा संभव जास्त. शंभरात एक संतती पुनर्संयोजित, म्हणजे आईबापांपेक्षा वेगळ्या जोडणीची, निघाली तर अंतर एक मॅप युनिट. त्यालाच पुढे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्यामुळे सेंटीमॉर्गन हे नाव मिळालं.

तीन जनुकांचा टेस्ट क्रॉस (संकरिताचा सगळे अप्रभावी गुण असलेल्याशी संकर) मात्र पाठ करून जमत नाही. कोचिंगवाले सूत्र देतात, क्रम शोधायला शिकवत नाहीत. समजा क, ख, ग ही जनुकं आहेत आणि सामान्य रूप + ने दाखवलं. हजार रोपं मोजली. ‘क ख ग’ 372 आणि ‘+ + +’ 378, हे सगळ्यांत जास्त, म्हणजे आईबापांसारखे. ‘क + +’ 72 आणि ‘+ ख ग’ 68. ‘क + ग’ 52 आणि ‘+ ख +’ 48. आणि सगळ्यांत कमी ‘क ख +’ 4, ‘+ + ग’ 6, हे दुहेरी क्रॉसओव्हरचे. कागदावर काहीही गुणण्याआधी फक्त पहिली आणि शेवटची जोडी शेजारी ठेवा. दोन्हींत कोणतं एकच अक्षर बदललं? ग. म्हणून ग मधे आहे, खरा क्रम क–ग–ख. दुहेरी क्रॉसओव्हरमध्ये बाजूचे दोघे जागेवर राहतात आणि मधला तेवढा पलटतो. एवढं कळलं की निम्मा धडा झाला.

आता अंतर. क–ग मध्ये 72, 68 आणि दुहेरीतले 10, एकूण 150, म्हणजे 15 युनिट. ग–ख मध्ये 52, 48 आणि तेच 10, म्हणजे 11. ते दहा दोन्हीकडे मोजायचे, कारण त्या रोपांत दोन्हीकडे तुटलंय. ग कडे न पाहता नुसतं क–ख मोजलं तर 24 येतं. बेरीज मात्र 26. हे दोन युनिट दुहेरी क्रॉसओव्हरने लपवले. शिवाय 15 टक्के गुणिले 11 टक्के केलं तर हजारात साडेसोळा दुहेरी अपेक्षित होते, मिळाले 10. भागाकार 0.61, तो एकातून वजा केला की इंटरफेरन्स 0.39. एका ठिकाणी क्रॉसओव्हर झाला की शेजारी दुसरा होण्याचा संभव कमी होतो, असा त्याचा अर्थ.

परीक्षेत हमखास विचारतात: फळमाशीत संकरित नर घेतला तर? नरात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही, संकरित मादीच हवी. आणि पुनर्संयोजन 50 टक्क्यांवर जात नाही, त्यामुळे एकाच गुणसूत्रावरची लांबची जनुकंही वेगळ्या गुणसूत्रांवरची असल्यासारखी वागतात. मधली जनुकं धरून टप्प्याटप्प्यानेच जावं लागतं.

सेंटीमॉर्गन म्हणजे डीएनएची लांबी, असं मात्र समजू नका. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आणि नागपूरचा महामार्ग, तासांत मोजले तर किलोमीटरचा अंदाज चुकेलच ना? सेंट्रोमिअरजवळ, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळ, क्रॉसओव्हर फार कमी, तिथे डीएनए भरपूर असूनही नकाशावर जनुकं चिकटलेली दिसतात.

आपल्याकडचे बहुतेक जण थिसिसला पऱ्हाटीच (कापूसच) मागतात, घरी वावरात तीच पाहिलेली असते म्हणून. मागा, पण काय मागताय ते माहीत असू द्या. अमेरिकन कापसात गुणसूत्रांच्या 26 जोड्या, देशी कापसात 13. अमेरिकनमध्ये दोन जुन्या प्रजातींचे संच एकत्र असल्याने एकच मार्कर (डीएनएवरची ओळखखूण) दोन ठिकाणी उमटतो आणि डोकं फिरतं. शिवाय आदल्या दिवशी दुपारनंतर कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण लावायचे, टॅग बांधायचा. सप्टेंबरच्या उन्हात हे काम कोणी एसीत बसून करत नाही. लेबल पावसाने पुसलं तर ते बोंड फुकट, म्हणून पेन्सिलनेच लिहा. भेंडीसारखी पानं असलेला वाण मिळाला तर तो गुण नवख्याला बरा: संकरात पान मधलंच दिसतं, त्यामुळे एफ-2 मध्ये (संकराच्या पुढच्या पिढीत) तिन्ही प्रकार डोळ्यांनी वेगळे करता येतात.

नकाशा काढणारं सॉफ्टवेअर शेवटी विचारतं, पुनर्संयोजनावरून अंतर काढायला कोणाचं सूत्र, हाल्डेन की कोसंबी? हे कोसंबी म्हणजे आपले दामोदर धर्मानंद, गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवणारे. त्यांचं सूत्र 1944 चं. 20 टक्के पुनर्संयोजनाला हाल्डेन साडेपंचवीस सेंटीमॉर्गन देतात, कोसंबी एकवीसच्या आसपास. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हाच फरक काढतात. उत्तर वरच्या उदाहरणातच आहे: हाल्डेन इंटरफेरन्स नाही असं धरतात, कोसंबी तो धरतात.