नवीन दवाखाना टाकताय? कॉम्प्युटरचं आधी बघून घ्या

इंटर्नशिप आटोपून दवाखाना टाकायला निघालेली पोरं फोनवर हमखास विचारतात, सर सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? मी उलट विचारतो, डेटा बाहेर काढता येतो का ते विचारलंस का? डेमोला येणारा माणूस रंगीत ग्राफ दाखवतो, एसएमएस दाखवतो, पण उद्या सोडलं तर सगळे पेशंट एक्सेलमध्ये मिळणार का म्हटलं की विषय बदलतो. आम्ही ज्यांचं सॉफ्टवेअर घेतलं त्या एका कंपनीने दुसऱ्याच वर्षी भाडं वाढवलं, आणि डेटा मागितला तर पीडीएफचा ढीग हातात दिला, प्रत्येक पेशंटची वेगळी फाईल, आता त्यात शोधायचं काय कप्पाळ! म्हणून पैसे भरायच्या आधी समोर बसून एक्सपोर्ट करून घ्या.

अ‍ॅडमिशन करणार असाल तर अजूनच सांभाळा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचे रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचे असतात आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, तेव्हा हार्ड डिस्क उडाली ही सबब चालत नाही. बॅकअप दवाखान्याबाहेर एक हवाच.

औषधांच्या लिस्टकडे नीट बघा. 'टेल' टाइप केलं की टेलमा (बीपीची गोळी), टेलमा एच, टेलमा एएम (त्याच गोळीत दुसरं औषध जोडलेलं) अशी रांग उभी राहते, ओपीडी फुल्ल असते, एंटर दाबला की झालं, आणि पेशंटला नको ते जोडऔषध चालू. माझं म्हणणं, प्रिंट निघाल्यावर सही करताना कागद वाचायचा, स्क्रीन नाही. आणि 'जेवणानंतर सकाळी १' हे मराठीत छापा, 'बीडी' (दिवसातून दोनदा) 'ओडी' (दिवसातून एकदा) आजीला काय कळणार.

मॉनिटर टेबलाच्या बाजूला ठेवा, मध्ये नको. पेशंट पोटदुखी सांगतोय आणि डॉक्टर कीबोर्डला उत्तर देतोय हे लोकांना अजिबात आवडत नाही. समोर असताना निदान, औषध, पुढची तारीख एवढंच टाकायचं, बाकी नंतर.

आता व्हॉट्सअ‍ॅप. रात्री ११ ला रिपोर्टचा फोटो येणार, अर्धा अंधारात काढलेला, वर "सर काय करू". मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन गाईडलाईन्सनी फोन, व्हिडिओ, मेसेज सगळ्याला परवानगी दिलीये पण मर्यादा आहेत. पहिल्यांदाच येणाऱ्याला नुसत्या मेसेजवर पॅरासिटामॉल, ओआरएससारखी साधी औषधंच, काही औषधांना व्हिडिओ लागतो, आणि शेड्यूल एक्स (कायद्याने कडक नियंत्रण असलेल्या औषधांची यादी) किंवा नार्कोटिक, झोपेच्या गोळ्यांसारखी औषधं ऑनलाईन द्यायचीच नाहीत, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर टाका, चॅट डिलीट करू नका. फोटो धूसर असेल तर मी सरळ लिहितो, "सकाळी घेऊन या, तोवर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, सरकारी दवाखाना गाठा."

एक काम मात्र कंटाळा न करता करा, टीबीचा पेशंट सापडला की निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, नोंद. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही ती सक्तीची आहे, आणि नोंद झाली तरच त्याला पोषण आहाराचे पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये. बँक पासबुकाचा फोटो त्याच दिवशी घेऊन ठेवा, नाहीतर नंतर पेशंट सापडत नाही आणि पैसे अडकून पडतात.