मॉलबायो (मॉलिक्युलर बायोलॉजी) लॅबमध्ये नवीन जाताय? आधी पिपेट धरायला शिका

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मला पाषाणला एका लॅबमध्ये प्रोजेक्ट मिळाला तेव्हा मी पार हवेत होते. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर कॉपी काढायची पद्धत, तोंडपाठ होता ना. ९५ डिग्रीला डीएनएचे दोन धागे सुटे होणार, मग ५५-६० च्या आसपास प्रायमर (कॉपी कुठून सुरू करायची ते सांगणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटणार, ७२ ला टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम कॉपी काढणार, असं तीसेक वेळा. टॅक कुठून आलं तेही माहीत, अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियातून, म्हणून तर ते ९५ ला टिकतं.

पहिल्या दिवशी सीनियर ताईने यातलं काहीच विचारलं नाही. पाणी, पिपेट (अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं साधन) आणि वजनकाटा समोर ठेवला आणि म्हणाली, "१०० मायक्रोलिटर दहा वेळा घे, दर वेळी वजन लिही."

१०० मायक्रोलिटर पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम. माझं ०.१०८, मग ०.१२१, मग ०.०९४. मला वाटलं काटाच बिघडलाय. मग तिने दाखवलं की पिपेटच्या बटणाला दोन स्टॉप असतात, घेताना पहिल्यापर्यंतच दाबायचं आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत, मी घेतानाच कधी कधी दुसऱ्यापर्यंत दाबत होते. टिप, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं टोक, दोन-तीन मिलीमीटरच बुडवायची, बटण हळू सोडायचं नाहीतर हवा जाते, पिपेट सरळ उभं. दोन दिवस मी फक्त पाणी मोजलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

पण पुढे कळलं की पीसीआरमध्ये डीएनए घ्यायचा १ मायक्रोलिटर, एन्झाइम त्याहून कमी, आणि तिथे हात चुकला की सगळंच चुकलं. म्हणूनच मास्टर मिक्स करतात (डीएनए सोडून बाकी सगळं एकत्र), म्हणजे आठ सॅम्पल असतील तर नऊ जणांचा स्वयंपाक एकदम करायचा आणि वाढायचा. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असतं त्यामुळे उणे २० ला गोठत नाही, पण घट्ट आणि चिकट असतं, टिप खोल बुडवली तर बाहेरूनच दुप्पट लागून येतं. या ट्यूबा महाग असतात हो, गाइड एरवी शांत पण एन्झाइम बाहेर राहिलेलं दिसलं की बघायला नको.

जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून बघायचा जेलीसारखा थर, मला सगळ्यात आवडतं. एक टक्का म्हणजे १०० मिली टीएई बफरमध्ये (वीज वाहून नेणारं क्षारांचं पाणी) १ ग्रॅम ॲगारोज पावडर, मायक्रोवेव्हमध्ये उकळायचं, आणि दुधावर लक्ष ठेवतो तसं ठेवायचं कारण तसंच उतू जातं. बफरच्या जागी नुसतं पाणी घालू नका, मी घातलंय. लोडिंग डायमध्ये ग्लिसरॉल किंवा साखर असते म्हणून सॅम्पल विहिरीत, म्हणजे जेलमधल्या खाचेत, खाली बसतं, नाहीतर तरंगत निघून जाईल. कोपर टेबलावर टेकवा, दुसऱ्या हाताने पिपेटला आधार द्या, टिप विहिरीच्या तोंडाशी, तळ भोसकायचा नाही. डीएनए निगेटिव्ह असतो म्हणून वीज लावली की लाल (पॉझिटिव्ह) वायरीकडे पळतो, त्यामुळे विहिरी काळ्या बाजूला. एकदा उलटं लावलं तर अर्ध्या तासाने सॅम्पल जेलच्या बाहेर. इथिडियम ब्रोमाइड (जेलमधला डीएनए दिसावा म्हणून घालतात तो रंग) असेल तर ते ग्लोव्ह घालून फोन, दाराची कडी कशालाही हात लावायचा नाही, ते थेट डीएनएमध्ये शिरतं आणि डीएनए आपलाही असतोच की.

आता खरं दुखणं. माझे तीन आठवडे निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड (जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा) येत होता. त्या ट्यूबमध्ये डीएनए घातलेलाच नसतो, पाणी असतं, म्हणजे तिथे काहीच दिसायला नको. मी प्रायमर बदलले, तापमान वाढवलं, पिपेट पुसले, ओटा ब्लीचने धुतला, एकदा तर सॅम्पलमधले बँड छान आलेत म्हणून कंट्रोलची लेन (जेलवरची रांग) फोटोतून कापून गाइडना दाखवायचा विचार मनात आला होता (दाखवला नाही). शेवटी लॅबच्या मामांनी विचारलं, "ती पाण्याची बाटली सगळेच वापरतात का?" झालं, डीएनए त्या पाण्यातूनच येत होता. नवीन पाणी आणलं, १ मिलीच्या ट्यूबांमध्ये वाटून ठेवलं, आणि लेन काळीकुट्ट कोरी. कोऱ्या लेनचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

ट्रान्सफॉर्मेशनमध्ये, म्हणजे बॅक्टेरियात प्लास्मिड (डीएनएचं छोटं कडं) घालण्यात, फार काही नाही, वेळ पाळा. बर्फ, मग ४२ ला बहुतेक ४५ सेकंद, परत बर्फ, प्रोटोकॉलमध्ये असेल तेवढंच. ॲम्पिसिलिनची (अँटिबायोटिक घातलेली) प्लेट रात्रभरापेक्षा जास्त ठेवली की मोठ्या कॉलनीभोवती (बॅक्टेरियाचा ठिपका) बारीक बारीक कॉलनी येतात, त्या उचलू नका. मोठी कॉलनी आजूबाजूचं औषध फोडून टाकते म्हणून त्या फुकट जगतात, प्लास्मिड नसतो त्यांच्यात.

आरटी-पीसीआर आता घरी समजावावा लागत नाही. भारतातली पहिली कोविड केस जानेवारी २०२० मध्ये इथे आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीतच (राष्ट्रीय विषाणू संस्था) कन्फर्म झाली, आणि नंतर आमच्या सोसायटीतल्या काकूसुद्धा सीटी व्हॅल्यू (पीसीआरच्या कितव्या फेरीला सिग्नल दिसला तो आकडा) विचारायला लागल्या, त्यांना ते सीटी स्कॅन वाटायचं ते वेगळं. आरएनएचा आधी सीडीएनए (त्याची डीएनए कॉपी) करायचा आणि मग दर सायकलला साधारण दुप्पट, म्हणून सीटी कमी तर माल जास्त, साधारण ३.३ ने फरक म्हणजे दहापट. फक्त आरएनए फार नाजूक, आपल्या बोटांवरचं आरनेज हे एन्झाइम त्याला खाऊन टाकतं, ग्लोव्ह बदलत राहा, बर्फावर ठेवा, आणि आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जायची त्या दिवशी हे काम काढू नका.

आणि ट्यूबांवर नाव, तारीख, आत काय आहे ते लिहा, १-२-३ नको, अल्कोहोलने पुसली जाणार नाही अशा मार्करने. जाताना मी उणे ८० च्या फ्रीझरमधला माझा बॉक्स रिकामा करत होते तर एक ट्यूब निघाली, झाकणावर नुसतं "नवीन" लिहिलेलं. अक्षर माझंच होतं.